खिळ्यांचे टायर, जयपूरमार्गे

मला सायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी टायरबद्दल इतकं काही बोलणार आहे की एखाद्याला वाटेल, बाई तरुणपणी मोठी सायकलस्वार असणार. सांगलीला शाळेत असताना एकदा मामाच्या सायकलवर बसले होते. ती सायकल मला घेऊन सरळ गोठ्यात शिरली, म्हैस उठून उभी राहिली आणि माझा तो विषय तिथेच संपला. अशा बाईनं पन्नाशीला टेकल्यावर, जयपूरच्या शास्त्री नगरात बसून, इंटरनेटवरून परदेशातले सायकलचे हिवाळी टायर मागवले. तेही खिळे असलेले.

आमचे हे बँकेत. बदली होऊन इथे आलो तेव्हा मुलगी दुसरीत होती. दोन-तीन वर्षांत परत जायचंच आहे म्हणून मी अर्धी खोकी माळ्यावर बांधलेलीच ठेवली होती. ती तशीच राहिली आणि मुलगी इथलीच होऊन गेली. घरात मराठी बोलायची, पण दर चौथ्या शब्दाला 'मतलब' आणि भांडताना सरळ हिंदी. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती शिकायला फिनलंडला गेली. तिचं ते गाव इतकं वर होतं की नकाशात बोट ठेवायला मला चष्मा वर करून नाक कागदाला लावावं लागलं. तिथे म्हणे सगळे बारा महिने सायकलनेच फिरतात. माझ्या मुलीनंही पहिल्याच महिन्यात एक जुनी सायकल घेतली.

तेव्हा घरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. रविवारी दुपारी आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसायचो आणि ती पडद्यावर यायची, कधी हलायची, कधी गोठून जायची. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की पोरगी तीन रविवार केस मोकळे सोडून बसतेय. लहानपणापासून तिला मानेवर केस खपत नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "असंच गं, आई. फॅशन." चौथ्या रविवारी तिच्या दाराची बेल वाजली, ती झटकन उठली आणि टेबलाखालचा डावा हात वर आला. हातात प्लास्टर, कोपरापर्यंत.

"हे काय?"

"काही नाही. मतलब, बर्फावरून सायकल थोडी स्लिप झाली. लागलं नाही."

प्लास्टर घातलंय आणि लागलं नाही. मला असा संताप आला की काय सांगू. पडली म्हणून नव्हे. पडतात माणसं. पण महिनाभर माझी पोरगी एका हाताने भात शिजवून खात होती आणि दर रविवारी माझ्याशी हसून बोलत होती, आणि मी इकडे तिला मेथीचे पराठे कसे लाटायचे ते शिकवत होते. मी दोन दिवस ह्यांच्यावरच चिडून काढले, कारण तेच हाताशी होते. शेवटी हे म्हणाले, "पण तुला सांगून तू काय करणार होतीस?"

खरंच काय करणार होते? काही नाही. जयपुरात बसून मी फार तर देवापुढे दिवा लावला असता. पण म्हणून सांगायचंच नाही? आज हात लपवला, उद्या काय लपवेल? पुढच्या रविवारपासून मी तिला आधी दोन्ही हात दाखवायला लावायची. ती दाखवायची आणि वर म्हणायची, "पाय पण दाखवू?"

तिच्याच तोंडून कळलं की तिथे हिवाळ्यात खिळ्यांचे टायर लावतात. रबरात बारीक पोलादी खिळे बसवलेले असतात, ते बर्फाला धरून ठेवतात. मग तू का नाही लावलेस, तर "महाग असतात, पुढच्या वर्षी बघते." ही 'बघते' मला चांगली माहीत आहे. माझ्याकडूनच गेलीय ती. म्हणून मीच बघायचं ठरवलं.

पुढचे दोन महिने माझी दुपारची झोप गेली. स्वयंपाकघर आवरलं की मी कॉम्प्युटरपुढे, शेजारी इंग्रजी शब्दकोश. तिच्याकडून चाकाच्या कडेवरचे आकडे काढून घेतले. कशाला हवेत विचारल्यावर 'असंच' म्हणाले, फॅशनचा बदला. जर्मनीतला एक दुकानदार भारतात पाठवायला तयार नव्हता. स्वीडनमधल्या एकाने नुसता फोटो दाखवला आणि पुढे पत्राला उत्तरच नाही. शेवटी एक सापडला, तो फिनलंडमधलाच. गोडीत लिहायचा, हिवाळा संपत आल्यामुळे किंमतही उतरवलेली होती. त्याने पत्ता वाचून विचारलं, "बाई, तुमच्या जयपुरात बर्फ पडतो का?"

मी त्याला खरं ते कळवलं की बर्फ मुलीच्या गावात पडतो. त्यावर त्याचं लगेच उत्तर आलं. मुलीचं गाव त्याच्या दुकानापासून दोन तासांवर आहे, टायर तो उद्याच बसमध्ये ठेवून देईल, मुलीने फक्त स्टँडवर जाऊन घ्यायचे, पाठवणीचा खर्चही जवळजवळ नाही.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? मी त्याला लिहिलं, "नको. आधी इकडे पाठवा. मला बघायचे आहेत."

हे म्हणाले, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, असू दे. मी बटाटेसुद्धा एकेक हातात घेऊन निवडते. नारळ कानाशी वाजवल्याशिवाय घेत नाही. शिवाय आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आधी घरात येते, देवापुढे ठेवली जाते, हळदकुंकू लागतं, मग वापरायची. स्कूटर आणली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, फ्रीजला कुंकू लावलं होतं. कॉम्प्युटरला तर ह्यांनी स्वतः हार घातला होता. आणि ज्याच्या भरवशावर माझी पोरगी बर्फावरून जाणार, तो टायर मी न बघता, न शिवता, बसच्या डिक्कीतून तिच्या हातात पडू द्यायचा? पाठवायची काळजीही नव्हती. आपल्याकडची माणसं सारखी परदेशी जात असतात. मेतकूट जातं, पंचांग जातं, तसे टायरही कुणाबरोबर तरी जातील.

तर फिनलंडचे टायर विमानात बसून ऐन मे महिन्यात जयपूरला आले. त्या दिवसांत बाहेर असं ऊन होतं की पोस्टमनने आधी पाणी मागितलं. खोक्याचा एक कोपरा फाटला होता, त्यातून त्याने आत बघितलं आणि फार वाईट वाटून म्हणाला, "बहनजी, इसमें तो पहले से कीलें ठुकी हुई हैं. वापस कर दो."

संध्याकाळी ह्यांनी टायर हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला. "जन्मभर लोक टायरमधले खिळे काढायला पैसे देतात," ते म्हणाले. "तू घालायला दिलेस."

मी दोन्ही टायर देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं. पण मन भरेना. खिळे दिसायला फारच बारीक, मोहरीपेक्षा जरा मोठे. एवढ्याशा खिळ्यांना बर्फ काय जुमानणार? एकदा तपासून बघायला हवं होतं, आणि तपासायला बर्फ हवा. फ्रीजमधला ट्रे घेऊन पाहिला, तुकडे टायरखालून सटकून मोरीत गेले. मग मला लादी सुचली. बर्फाच्या कारखान्यातून मिळते ती, पुरुषभर लांब.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेल्यावर मी लादी मागवली. सायकलरिक्षावर, गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून ती आमच्या दारात आली. दोन माणसांनी ती जिन्यातून वर गच्चीवर नेली. मी पुढे, गडबडीत, घामाघूम, केस विस्कटलेले. गल्लीतल्या चार घरांच्या खिडक्या उघडल्या, तेही मी बघितलं, पण म्हटलं, बघू देत.

गच्चीवर लादी ठेवली. मी पदर खोचला, टायर उभा धरला, सगळा भार टाकून तो बर्फावर दाबला आणि पुढे ढकलला. कर्रर्र असा आवाज झाला आणि खिळे बर्फात रुतले. मागे ओढला, हलेना. मग माझी रबरी चप्पल घासून बघितली, ती सर्रकन निघून गेली. परत टायर. कर्रर्र. काय आनंद झाला म्हणून सांगू. मी त्या लादीवरून टायर मागेपुढे फिरवत होते, एकटीच, भर उन्हात, बर्फाचं पाणी पायाखाली, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

समोरच्या घरातल्या बाई होत्या, त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरच्या, आणखी तिघीचौघी. सगळ्यांच्या डोक्यावर पल्लू ओढलेला. समोरच्या बाई पुढे आल्या, मला गच्च धरलं आणि रडत रडत विचारलं, "कब हुआ? भाईसाब को सुबह तो मैंने खुद देखा था."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात घरात बर्फाची अख्खी लादी कशाला नेतात? नातेवाईक पोहोचेपर्यंत मयत ठेवायला. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला सुचलं होतं.

मी समजावतेय, त्या रडताहेत. मी म्हणतेय टायर, त्या म्हणताहेत सदमा लग गया बेचारी को. खाली फाटकाशी पुरुषमंडळी खांद्यावर पंचे टाकून उभी. कुणीतरी बँकेत फोन लावला होता म्हणे, पण तिथे तो उचलला स्वतः ह्यांनीच, आणि पलीकडच्या शेजाऱ्याने 'भाईसाब, आप?' म्हणत घाबरून ठेवून दिला. ह्यांना वाटलं घरी काहीतरी झालं. ते रिक्षा करून धावत आले, आणि फाटकात हातातल्या डब्यासकट उभे राहून स्वतःच्या मयताला जमलेल्या माणसांकडे बघत राहिले.

सगळा उलगडा झाल्यावर माणसं हसत पांगली. नंतर कितीतरी दिवस भाजीवाला मला 'बर्फ वाली बहनजी' म्हणायचा. ते माझं मी कमावलं होतं, कुणाला बोल लावणार? पण समोरच्या बाई लगेच गेल्या नाहीत. त्यांनी टायरवरून हात फिरवला, मग अर्ध्या उरलेल्या लादीकडे बघितलं आणि विचारलं, "वहाँ इतनी बर्फ होती है?"

"सारी सड़क," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी कठड्याला टेकून बसले आणि मला रडू कोसळलं. कारण गल्लीतल्या बायका काही फार चुकल्या नव्हत्या. प्लास्टर दिसलं त्या रविवारपासून मला तेच दिसत होतं. माझी पोरगी बर्फावर आडवी, अंधारात, आजूबाजूला कुणी नाही, आणि मी इथे पराठे शिकवतेय. एवढ्यासाठीच हा सगळा उपद्व्याप होता. हे माझ्याशेजारी बसले, डबा उघडला आणि आम्ही दोघांनी गच्चीवरच त्यांच्या डब्यातली गार भेंडी खाल्ली.

आता टायर न्यायला माणूस हवा. आमच्या मराठी मंडळात प्रताप नगरच्या एक वहिनी होत्या, मूळच्या नागपूरच्या. त्यांचा मुलगा तिथे मोबाइलच्या कंपनीत, मुलीच्याच गावात, आणि वहिनी ऑक्टोबरात सुनेच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. देवच पावला. निघायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही टायर घेऊन त्यांच्याकडे गेले. टायर पिळून त्याची तीन कडी करता येतात, हे मी तोपर्यंत शिकले होते. खिळे टोचू नयेत म्हणून वरून माझी जुनी सुती साडी गुंडाळली होती.

वहिनींच्या बॅगेत आधीच डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोपा, बाळाची दुपटी असा सगळा बाळंतविडा भरलेला. त्यांनी बॅग काट्यावर ठेवली, काटा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"आता तुम्हीच सांगा बरं," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीचे लाडू काढू का तुमचे खिळे काढू?"

त्यांच्यापुढे सून होती, माझ्यापुढे लेक. बराच वेळ आम्ही दोघी जमिनीवर बसून पुड्या आत-बाहेर करत होतो. मी माझी साडी काढून घेतली, त्यांनी ओव्याची पुडी काढली. शेवटी एक टायर बसला. दुसरा काही केल्या बसेना. लाडवांचा एक डबा काढला असता तर बसला असता, आणि मी त्या डब्याकडे इतका वेळ बघत राहिले की वहिनींनी तो उचलून मांडीवरच घेतला. वर मला म्हणाल्या, "पुढच्या चाकाला लावा म्हणावं. मागचं येईल मागून."

दुसरा टायर घेऊन मी घरी आले आणि बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवला. ह्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेपर उघडला. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढी समजूत त्यांना आली होती.

टायर पोहोचला. मुलीने पुढच्या चाकाला लावून घेतला. रविवारी म्हणाली, "मस्त आहे, आई. थँक्यू." बस, एवढंच. मी विचारलं, आवाज येतो का, कर्रर्र असा? म्हणाली, "हो, तुला कसं माहीत?" मी म्हटलं, असंच. लादीची गोष्ट आम्ही तिला सांगितली नव्हती. म्हणजे बघा, लपवण्यात मीही काही कमी नव्हते. मग मी दोन्ही हात दाखवायला सांगितले. तिने दाखवले.

नोव्हेंबर संपत आला होता. सकाळचं काम उरकून मी कणीक मळत होते, तेवढ्यात फोन वाजला. कामाच्या दिवशी, अशा वेळी तिचा फोन कधी येत नसे. मी कणकेच्या हातानेच उचलला.

"आई," ती म्हणाली. मागे वारा घोंघावत होता. "मी पडले."

मी फोन कानावर आणखी दाबला.

"आत्ताच. मतलब, अजून रस्त्यातच बसलेय. सायकल बाजूला पडलीय."

"लागलं का?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

"हो," ती म्हणाली. "गुडघ्याला लागलंय, आई. खूप दुखतंय." आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मी इकडे 'हो गं, हो गं' करत राहिले. दुसरं काय करणार होते? पाय हलतो का विचारलं, हलत होता. उभी राहा म्हटलं, राहिली. कपडे झटक म्हटलं, झटकले. मग जरा शांत झाल्यावर म्हणाली, "पुढचा नाही घसरला, आई. पुढचा एकदम पक्का राहिला. मागचं चाक गेलं." सायकल उचलल्याची खडखड ऐकू आली. "मागचा पण पाठव ना."

तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात असे टायर टांगलेले असतात. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "पाठवते."

फोन ठेवला, हात धुतले आणि कॉम्प्युटर लावला. त्या दुकानदाराला लिहिलं की तसाच एक टायर हवा आहे, मागच्या चाकासाठी. हा मुलीचा पत्ता आणि फोन. आजच बसमध्ये ठेवा. मला बघायची गरज नाही. 'पाठव'चं बटण दाबलं, आणि मग तसं ते लिहून टाकलं म्हणून जीव थोडा थोडा व्हायला लागला. तेव्हा उठून बाल्कनीत गेले, अडकवलेला टायर काढला, फडक्याने पुसला, देवापुढे ठेवला आणि त्या बसमधल्या टायरच्या वाटणीचं हळदकुंकू ह्यालाच लावलं.

संध्याकाळी हे आले. मी चहा ठेवत काहीतरी गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं. दारातच थांबून म्हणाले, "काय गं, आज एवढी खुशीत?"

"पोरगी पडली," मी म्हटलं. "आणि तिनं मला सांगितलं."